जोना लोमू एवढा धिप्पाड आणि वेगवान रग्बीपटू होता, मग त्याची कारकीर्द इतक्या लवकर का संपली?

रग्बीतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगते. मी ठाण्यात डायलिसिस टेक्निशियन आहे, गेली अकरा वर्षं. तरी प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही, कारण या माणसाची गोष्ट मी आमच्या युनिटमध्ये निदान पन्नास पेशंटना ऐकवली असेल. आणि माझं उत्तर जरा उलटं आहे. त्याची कारकीर्द लवकर संपली असं मला वाटतच नाही. एवढी टिकली कशी, हेच कोडं आहे.

लोमूशी माझी ओळख झाली ती एका काकांमुळे. सोम-बुध-शुक्र, सकाळची पहिली शिफ्ट. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झालेले, तरुणपणी कबड्डी खेळलेले. शुक्रवार ते सोमवार मोठी गॅप, त्यामुळे सोमवारी अंगावर साडेचार-पाच किलो पाणी घेऊन यायचे. वजनकाट्यावर चढताना मोबाइल, किल्ल्या, चष्म्याची डबी, सगळं माझ्या हातात द्यायचे, जणू त्यानेच आकडा खाली येणार. एकदा मी चिडले तर म्हणाले, "सिस्टर (मी सिस्टर नाही, पण ते असो), खेळाडूच्या अंगाला तुमचे नियम लागत नाहीत." त्या रात्री मी हट्टाने शोधायला बसले, की किडनी गेलेला मोठा खेळाडू कोण. न्यूझीलंडचा लोमू सापडला. बुधवारी सुया लावून, मशीन सुरू करून मोबाइल काकांसमोर धरला.

१८ जून १९९५, केप टाउन. विश्वचषकाची उपांत्य फेरी, न्यूझीलंड विरुद्ध इंग्लंड. रग्बीत चेंडू हातात धरून पळायचं, पास द्यायचा तो मागेच, आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात, पाच गुण. खेळ सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात. डाव्या कडेला लोमूला चेंडू मिळतो. टोनी अंडरवूडला तो बाहेरून टाकून जातो. कर्णधार विल कार्लिंग मागून झेपावतो, त्याचा हात पायाला लागतो, लोमू अडखळतो. समोर माइक कॅट एकटा. लोमू तोल सावरत बसत नाही, त्याच अडखळत्या पावलांनी कॅटच्या अंगावरून पलीकडे जातो आणि चेंडू टेकवतो.

काकांनी ते तीनदा बघितलं. म्हणाले, "ही पकड नाय, ही बसखाली जाणं झालं."

त्या सामन्यात लोमूने असे चार ट्राय केले, न्यूझीलंड ४५-२९ जिंकलं. तो तेव्हा २० वर्षांचा होता. सहा फूट पाच इंच उंची, वजन १२० किलोच्या आसपास, आणि १०० मीटर ११ सेकंदांच्या आत. कडेला पळणारे विंगर तोवर चपळ आणि अंगाने बेताचे असायचे. हा मूळचा फॉरवर्ड, म्हणजे धक्काबुक्कीच्या जागेवरचा, त्याला आणून विंगवर उभं केलेलं. आईवडील टोंगाचे, बालपणीची काही वर्षं टोंगातच नातेवाइकांकडे, पुढे दक्षिण ऑकलंडच्या मँगेरे भागात, जिथे टोळीयुद्धं नित्याची. १९९४ मध्ये १९ व्या वर्षी राष्ट्रीय संघात आला, कसोटी खेळलेला तेव्हाचा सगळ्यात तरुण ऑल ब्लॅक (न्यूझीलंडच्या संघाला ऑल ब्लॅक्स म्हणतात; रग्बीत कसोटी म्हणजे देशादेशांमधला सामना). अंतिम सामना मात्र दक्षिण आफ्रिकेने जादा वेळेत १५-१२ असा जिंकला. मंडेलांनी कर्णधार पिनारची ६ नंबरची जर्सी घातली होती, तोच सामना. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लोमूला कसोटीत कधीच ट्राय करता आला नाही, हेही सांगायला हवं. विश्वचषकही त्याने कधी जिंकला नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. त्याच १९९५ च्या अखेरीस त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम असल्याचं निदान झालं. किडनीची गाळणी फाटल्यासारखी होते, रक्तातलं प्रोटीन लघवीतून निघून जातं. लघवी फेसाळ, पायावर सूज, आणि थकवा असा की जिना चढवत नाही. विश्वचषकाआधीच्या फिटनेस शिबिरांत लोमू मागे पडायचा, त्याच्या निवडीबद्दलही शंका होती. लोक म्हणत असतील, पोरगा आळशी आहे. मला विचाराल तर किडनी तेव्हापासूनच गळत असावी. हा माझा अंदाज, पण असे पेशंट मी बघितलेत, ज्यांना घरच्यांनी दोन वर्षं आळशी म्हटलं आणि मग क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा, रिपोर्ट आला.

म्हणजे आपण ज्याला त्याची कारकीर्द म्हणतो, ती जवळजवळ सगळी आजारातली आहे. मध्ये उपचारांसाठी खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला. १९९८ ला क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, सुवर्ण. १९९९ च्या विश्वचषकात आठ ट्राय. १९९५ चे सात धरून विश्वचषकांत एकूण १५. हा विक्रम मोडला कोणीच नाही, दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने २०१५ मध्ये गाठला फक्त. शेवटचा कसोटी सामना २००२ ला, वय २७. एकूण ६३ कसोटी, ३७ ट्राय.

२००३ मध्ये तो डायलिसिसवर गेला. आठवड्यातून तीनदा, आमच्या काकांसारखाच. पायांच्या नसांवर इतका परिणाम झाला होता की नीट चालणंही कठीण, लवकर प्रत्यारोपण झालं नाही तर व्हीलचेअर, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. जुलै २००४ मध्ये ग्रँट केरेआमा या वेलिंग्टनच्या रेडिओ निवेदकाने त्याला आपली किडनी दिली. नात्यातला नव्हे, मित्र. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने जवळचा नातेवाईक नसेल तर समितीपुढे जावं लागतं. त्या फायली घेऊन फिरणारी माणसं मी रोज बघते, म्हणून मला केरेआमाचं फार कौतुक.

आणि मग हा गृहस्थ परत खेळायला उतरला! डिसेंबर २००५ मध्ये वेल्सच्या कार्डिफ क्लबकडून. नवी किडनी साधारणपणे मूळ जागी पाठीकडे बसवत नाहीत, पोटाच्या खालच्या बाजूला, पुढे बसवतात. पाठीच्या किडनीला बरगड्यांचा थोडा आडोसा असतो, इथे तोही नाही. आमचे प्रत्यारोपण झालेले पेशंट रिक्षात खड्डा आला तरी पोटावर हात ठेवतात. घोडबंदर रोडला तर दोन्ही हात. त्या अंगाने रग्बी खेळायची! अर्थात जुना वेग परत आला नाही. २००६ मध्ये न्यूझीलंडला नॉर्थ हार्बरकडून खेळून बघितलं, पुढचा करार मिळाला नाही, २००७ ला निवृत्ती.

किडनी बदलली की माणूस कायमचा बरा, असं आमच्याकडे येणारे नातेवाईक धरून चालतात. दिलेल्या किडनीलाही वय असतं. लोमूची सात वर्षं चालली. २०११ मध्ये ती निकामी झाली आणि तो पुन्हा मशीनवर. २०१५ च्या विश्वचषकासाठी ब्रिटनला गेला, तिथेही डायलिसिस घेत कार्यक्रम केले. दोन मुलगे पाच-सहा वर्षांचे, ते २१ चे होईपर्यंत जगायचंय, एवढंच त्याने त्या वर्षी बोलून दाखवलं होतं. परतीच्या प्रवासात दुबईला थांबून घरी पोचला आणि १८ नोव्हेंबर २०१५ ला गेला. वय ४०. डायलिसिसवरच्या माणसाचा घात बहुतेक वेळा किडनी करत नाही, हृदय करतं.

हे सगळं काकांना चार तासांच्या त्या एका सेशनमध्ये सांगितलं. मधे बीपी घेतलं, एकदा अलार्म वाजला तो बंद केला. शेवटी सुया काढून मी हातावर दाबून धरलं होतं, तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढ्या दांडग्या माणसाला पाणी किती चालत असेल हो?"

म्हटलं, "तुमच्यासारखंच. दिवसाला जेवढी लघवी, तेवढं. वर अर्धा लिटर."

"म्हणजे आमटी धरून दोन चहा," काका म्हणाले, आणि किल्ल्या मागायला हात पुढे केला.