ठासणीची बंदूक घरी घडवायची आहे, बोनस त्यात घालू का?

पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे. वय ४६, मूळ गाव कुडाळ. यंदा कर कापून ७,८०० डॉलर बोनस हातात येणार आहे. त्यातून किट आणून अठराव्या शतकातल्या इंग्लिश धाटणीची, पाखरांच्या शिकारीची चकमकीची लांब बंदूक त्यांना घरी घडवायची आहे. किटचे १,६५० डॉलर, हत्यारांच्या यादीचे १,९००. नावाजलेल्या कारागिराने तयार बंदुकीचे ४,२०० सांगितलेत. पहिली बंदूक स्वतःसाठी, पुढे वर्षाला दोन घडवून विकायच्या आणि दोन वर्षांनी कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या फीला हातभार लावायचा, असा बेत आहे. गेल्या वर्षीच्या भारतवारीच्या तिकिटांचे ३,४०० डॉलर क्रेडिट कार्डावर २२ टक्क्यांनी थकलेत. अडीअडचणीसाठी दोन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक आहे. पत्नीचं म्हणणं, ‘हौस आहे तर हौस म्हणा, गुंतवणूक म्हणू नका.’

नमस्कार,

वहिनींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि तरीही माझं उत्तर ‘किट घ्या’ असंच आहे. १,६५० डॉलरची हौस तुमच्या पगारात बसते. तुमच्या बेतात मला धोका दिसतो तो किटच्या आजूबाजूला जमा झालेल्या गोष्टींत: हत्यारांची यादी, विक्रीची स्वप्नं आणि त्या स्वप्नांवर टेकवलेली मुलीची फी.

आधी विक्रीचं बोलतो, कारण तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. ४,२०० मधून १,६५० वजा करून उरलेली रक्कम तुम्ही नफा धरलीत. पण ते ४,२०० त्या कारागिराच्या हाताचे आणि नावाचे आहेत. सुटे भाग तुम्हालाही तेच मिळतात. नवख्याने घडवलेली बंदूक ओळखायला जाणकाराला दस्ता हातात घ्यायचीही गरज पडत नाही. लॉकच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या, भोवती लाकूड जाड राहिलेलं असतं, दस्त्याची मुठीत धरायची मनगटाची जागा गुबगुबीत असते, नळीखालचा भाग पट्टीसारखा चौकोनी दिसतो. इंग्लिश फाउलरचं, म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या पाखरांच्या बंदुकीचं, सगळं सौंदर्य तिच्या सडपातळपणात आहे. साडेतीन-चार फुटांची नळी, तिच्याखाली जेमतेम जाडीचं अक्रोडाचं लाकूड, आणि खांद्याला लावताच आपोआप पुढे जाणारा तोल. पहिल्या खेपेला लाकूड काढताना हात कचरतो, कारण काढलेलं परत लावता येत नाही. ही भीती दुसऱ्या-तिसऱ्या बंदुकीला जाते. म्हणून पहिल्या बंदुकीला किटच्या किमतीच्या थोडं वर मिळालं तरी चांगलं मिळालं म्हणायचं.

समजा २,००० ला गेली. वर उरले ३५०. नवख्या माणसाला या कामाला शंभर-सव्वाशे तास सहज लागतात. १२० तास धरले तर तासाला तीन डॉलरही पडत नाहीत, आणि यात हत्यारं, तेल, पॉलिश पेपर, पाठवणावळ काहीच धरलेलं नाही. शिवाय पेनसिल्व्हेनियात चकमकीच्या बंदुकीला गिऱ्हाईक आहे ते मुख्यतः हरणांच्या खास हंगामामुळे. नाताळनंतरचा हा हंगाम १९७४ पासून चालू आहे. त्या शिकाऱ्याला आटे पाडलेल्या नळीची रायफल हवी असते. आत गुळगुळीत असलेल्या छर्ऱ्याच्या बंदुकीचं गिऱ्हाईक वेगळं आणि मोजकं.

कराचीही बाजू आहे. अधूनमधून एखादी विकली आणि आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) नजरेत ती हौस ठरली, तर विक्रीची कमाई दाखवावीच लागते. विकलेल्या किटची किंमत त्यातून वजा होते, पण हत्यारं आणि इतर खर्चाची वजावट हौसेला २०१८ पासून मिळत नाही. धंदा म्हणून दाखवलात तर खर्च वजा होतात, मात्र वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलरच्या वर गेला की साधारण १५.३ टक्के स्वयंरोजगार कर आयकराच्या वर बसतो. पाचांपैकी तीन वर्षं नफा दिसला तर तो धंदाच आहे असं धरायला आधार मिळतो. वर्षाला दोन बंदुकांवर हे तीन नफे दाखवणं मला अवघड वाटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही घडवलेली बंदूक अनोळखी माणसाच्या गालाजवळ उडणार आहे. काही बरंवाईट झालं तर घराची विमा पॉलिसी धंद्यात विकलेल्या मालाची जबाबदारी उचलत नाही. त्यासाठी वेगळा विमा लागतो आणि त्याच्या हप्त्यातच वरचे ३५० डॉलर संपतात. म्हणून विक्रीचा विचार निदान दोन-तीन बंदुका होईपर्यंत बाजूला ठेवा. मुलीच्या कॉलेजचा आणि बंदुकीचा एकमेकांशी काही संबंध लावू नका.

आता हौस म्हणून बघू. इथे मी तुमच्या बाजूने आहे. पुस्तकं वाचून, जुन्या बंदुकांचे फोटो जमवून, दोनदा व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या बंदूककाराच्या दुकानात तासन्‌तास उभं राहून तुम्ही हे ठरवलंय. शनिवारी मॉलमध्ये उडवलेल्या पैशाचं पुढच्या महिन्यात नावही आठवत नाही. सव्वाशे तासांच्या कामावर पसरलेले १,६५० डॉलर तासाला तेरा-चौदा डॉलरला पडतात. मनापासून आवडणाऱ्या कामाला हा दर महाग नाही. तयार बंदूक ४,२०० ला घेऊन भिंतीला टांगणं तुमच्यासाठी मला चुकीचं वाटतं, कारण तुम्हाला बंदुकीपेक्षा ती घडवणं हवंय. तुमच्या पत्रात आजोबांच्या शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीचं वर्णन आहे, गज नळीत घालून दारू ठासतानाच्या आवाजासकट. त्या ओळी वाचल्यावर तुम्हाला काय हवंय याबद्दल मला शंका उरली नाही.

कुठलं किट घ्यायचं, यात खरा पैशाचा निर्णय आहे. एका प्रकारात दस्त्याचं लाकूड ढोबळ कोरलेलं येतं, नळीची खाच आणि गजाचं भोक तयार असतं, बाकी बहुतेक तुम्हाला करायचं. दुसऱ्यात संगणकावर चालणाऱ्या यंत्राने सगळ्या खाचा जवळजवळ नेमक्या कापलेल्या असतात. पहिलं किट दिसायला स्वस्त, पण त्याला हत्यारं जास्त लागतात आणि बिघडवायच्या जागाही जास्त. तुम्ही १,६५० चं दुसऱ्या प्रकारचं निवडलंत हे उत्तम. पण मग १,९०० डॉलरची हत्यारं कशाला? यादीतलं ड्रिल प्रेस, बेल्ट ग्राइंडर आणि कोरीवकामाच्या पटाश्यांचा पूर्ण संच हे पहिल्या प्रकारच्या किटसाठी आहे. तुम्हाला लागेल तो एक मजबूत शिकंजा, चार-पाच चांगल्या कानशी, दोन-तीन पटाश्या आणि त्यांना धार लावायचा दगड, लाकूड खरवडायची पत्ती, हातातलं ड्रिल आणि स्क्रूचे आटे पाडायचा छोटा टॅप. ४५० डॉलरमध्ये हे बसतं, त्यातही जुन्या बाजारातल्या कानशी आणि पटाश्या घेतल्यात तर बरेच वाचतील. बाकीचं हत्यार काम अडेल तेव्हा आणा. नव्वद टक्के वेळा काम अडत नाही.

अडतं ते घाईने. किट कितीही नेमकं असलं तरी लॉक लाकडात शेवटचं बसवणं हाताचंच काम आहे. लोखंडाला काजळ लावायचं, खाचेत दाबायचं, उचलायचं, काळा ठिपका जिथे उमटला तेवढंच लाकूड पटाशीने पापुद्र्यासारखं काढायचं, परत काजळ, परत दाब. ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत हेच. इथे घाई केली तर लाकडाला फट पडते, आणि दस्त्याचं अक्रोड हा पुन्हा विकत घ्यायला महाग भाग आहे. म्हणून मुदत घालून घेऊ नका. ‘दिवाळीपर्यंत पूर्ण’ अशी शपथ तर नकोच.

किटनंतरचा खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो. तुमची नळी २० गेजची आहे, म्हणजे तिच्या मापाच्या शिशाच्या २० गोळ्यांचं वजन एक पौंड. एका बाराला साधारण ७० ग्रेन दारू धरा. पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे पौंडाच्या एका डब्यात शंभर बार. छर्रे एका बाराला एक औंस धरले तर पौंडाला सोळा बार. दारू खरी काळीच लागते. बाजारात तिचे पर्याय मिळतात, पण ते पेटायला जास्त उष्णता मागतात आणि चकमकीच्या ठिणगीवर भरवशाने पेटत नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेतला काळ्या दारूचा मुख्य कारखाना, लुइझियानातला गोएक्सचा, बंद होत असल्याचं जाहीर झालं तेव्हा हौशी मंडळींची चांगलीच तारांबळ उडाली होती. पुढच्या वर्षी एस्टीझ या कंपनीने तो विकत घेतला. मागवताना दारूच्या किमतीवर धोकादायक मालाचा वेगळा आकार लागतो, तो प्रत्येक पार्सलला असतो, डब्याला नाही. जवळच्या क्लबातल्या चौघा-पाचांनी मिळून मागवली की हा आकार वाटला जातो.

तुम्ही बदकांच्या शिकारीचं लिहिलंय. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. पोलादी छर्रे असल्या जुन्या धाटणीच्या नळीत घालू नयेत, नळी खराब होते. राहतो बिस्मथ धातूचा छर्रा, आणि तो शिशाच्या कितीतरी पट महाग पडतो. पहिली दोन वर्षं क्लबात मातीच्या तबकड्यांवर शिशाने सराव करा, बदकं नंतर. पहिल्या मोसमाचे दारू, छर्रे, चकमकीचे दगड आणि साफसफाईचं सामान यांना मी ३०० डॉलर धरतो.

आता बोनसची वाटणी. कार्डाचे ३,४०० पहिल्याच दिवशी पूर्ण भरा. २२ टक्क्यांनी त्यावर वर्षाला साधारण ७४८ डॉलर व्याज जातंय, म्हणजे थकबाकी अशीच ठेवून अडीच वर्षं थांबलात तर किटपेक्षा जास्त रक्कम फक्त व्याजात जाईल. २,००० बचत खात्यात, दोन महिन्यांची शिल्लक तीनच्या जवळ न्यायला. उरलेल्या २,४०० मध्ये किट १,६५०, हत्यारं ४५० आणि वरचे ३०० नेमके बसतात. कार्डाला दरमहा जे २५० डॉलर जात होते ते पुढच्या महिन्यापासून मुलीच्या ५२९ खात्यात (कॉलेजच्या खर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) आपोआप वळवा. वर्षाला ३,००० होतात आणि पेनसिल्व्हेनियाच्या ३.०७ टक्के करात ९२ डॉलर वाचतात. कॉलेज दोन वर्षांवर असल्याने हे पैसे शेअर बाजारात ठेवू नका, सुरक्षित पर्यायात ठेवा. कंपनी भर घालते तेवढी रक्कम तुम्ही ४०१के या निवृत्तीच्या खात्यात टाकताच आहात, ती कुठल्याही परिस्थितीत कमी करू नका.

कायद्याचं थोडक्यात. १९६८ च्या फेडरल कायद्यात अशा ठासणीच्या प्रतिकृती सर्वसाधारण बंदुकीच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे किट पेनसिल्व्हेनियात थेट घरी येतं. पण न्यू जर्सीला बदली होण्याची शक्यता तुम्ही लिहिली आहे, आणि तिथे उडवता येण्याजोगी चकमकीची बंदूकही बंदूकच धरतात. बदली नक्की झाली तर सामान हलवण्याआधी तिथलं बंदुकीसाठीचं ओळखपत्र काढा. घराच्या विम्यातली बंदुकीच्या चोरीची मर्यादाही बघून ठेवा. बऱ्याच पॉलिसींत ती अडीच हजारांच्या आसपास असते, तुम्हाला पुरेल.

शेवटचा प्रश्न, तयार बंदूक कधीतरी कुडाळला नेता येईल का? नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली चालती ठासणीची बंदूक परवान्याशिवाय बाळगता येत नाही, सामानात टाकून नेणं तर दूरच. आजोबांची बंदूक त्यांच्या पश्चात पोलीस ठाण्यात जमा आहे असं तुम्ही म्हणता. तिचा परवाना वारसाच्या नावे मागायचा असेल तर तुमचे काका शेती कसतात, अर्ज त्यांनी ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात करावा. सातबारा आणि परवान्याची जुनी प्रत शोधायला त्यांना आत्ताच सांगा. तुम्ही अमेरिकेत राहून तो अर्ज करण्यात अर्थ नाही, त्यासाठी एजंटाला पैसेही देऊ नका.

किट मागवायच्या आधी हा कागद वहिनींसमोर ठेवा आणि २,४०० च्या वर एक डॉलरही जाणार नाही असं दोघं मिळून ठरवा. दुसऱ्या किटचा विषय पहिलीतून पन्नास बार उडाल्यावर काढा.

तुमचा,
आर्थिक सल्लागार