पहिली डर्ट बाईक कोणती घ्यावी आणि तिची देखभाल किती करावी लागते?

तुम्ही लिहिलंय की रस्त्यावर बरीच वर्षं गाडी चालवलीये पण मातीत कधीच नाही, उंची पाच फूट सहा इंच, वजन साठच्या आसपास, आणि सेकंडहँड ४५० सीसीची मोटोक्रॉस गाडी (उड्यांच्या ट्रॅकवर रेस करायची) स्वस्तात मिळतीये तर घेऊ का. माझं स्पष्ट मत, नका घेऊ. ती स्वस्त का मिळतीये हे आधी बघा. रेसच्या गाडीची सर्व्हिस किलोमीटरवर नसते, इंजिन किती तास चाललं यावर असते. ऑइल साधारण ५ ते १० तासांत बदलायचं, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (फट) चेक करायचं, आणि पिस्टनलासुद्धा मॅन्युअलमध्ये तासांचं आयुष्य दिलेलं असतं. इंजिन खोलायची वेळ जवळ आली की बरेच जण गाडी विकायला काढतात, मग तो खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

आणि ४५० ची ताकद नवीन माणसाला काहीच शिकवत नाही. थ्रॉटल जरा जास्त पिळला गेला की मागचं चाक सुटतं, हात आखडतात, अर्ध्या तासात माणूस दमतो. ट्रेल गाडीवर, म्हणजे डोंगरवाटांवर फिरायच्या साध्या गाडीवर, तोच माणूस दिवसभर फिरेल आणि उभं राहून चालवणं, क्लच अर्धा धरून चढ चढणं, वळणावर बाहेरच्या फूटपेगवर वजन देणं हे सगळं नीट शिकेल.

नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की गाडी पूर्ण बदलते, तेवढं लक्षात ठेवा. होंडाची सीआरएफ२५०एफ आणि सीआरएफ२५०आर दोन्ही २५० च, पण एफ म्हणजे एअर कूल्ड ट्रेल गाडी, सीट साधारण ८८३ मिमी, आणि आर म्हणजे लिक्विड कूल्ड मोटोक्रॉस, सीट ९६० मिमीच्या आसपास. तुमच्या उंचीला आर वर पायाची बोटंच टेकतील आणि उतारावर गाडी थांबली की तेच नडतं. तुम्हाला ट्रॅकवर उड्या मारायच्या नाहीत, डोंगरातल्या वाटांवर फिरायचंय, तर सरळ एफ सारखी ट्रेल गाडी बघा. हात बसल्यावर एन्ड्युरो (खडतर वाटांवरच्या लांब रेसची गाडी) घ्या, यामाहाची डब्ल्यूआर२५०एफ वगैरे, तिला मागे १८ इंची चाक असतं म्हणजे टायरची भिंत उंच आणि दगडांवर रिम वाचते. टू स्ट्रोक वाईट नाही, हलकी असते आणि पिस्टन रिंग बदलणं सोपं, पण जिथे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागतं तिथे मॅन्युअलमधलं प्रमाण मोजूनच घालायचं, अंदाजाने नाही.

आता देखभाल. एकच काम मनापासून करणार असाल तर एअर फिल्टरचं करा, कारण डर्ट बाईकचं इंजिन सगळ्यात जास्त मरतं ते धुळीने. धुळीत चालवली असेल तर प्रत्येक राईडनंतर फिल्टर काढायचा. काढताना वरची माती आत पडू देऊ नका आणि काढला की लगेच इनटेकच्या (इंजिनमध्ये हवा जायच्या वाटेच्या) तोंडावर स्वच्छ फडकं लावा. फोम फिल्टर क्लीनरमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुवा, पेट्रोलमध्ये नको, जोडाचा गोंद सुटतो. पिळताना नुसता दाबायचा, पीळ द्यायचा नाही, फाटतो. मग साबणाच्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवायचा, फिल्टर ऑइल लावून कणकेसारखा मळायचा जोवर रंग सगळीकडे सारखा दिसत नाही, आणि कडेला जिथे तो बसतो तिथे ग्रीसचा पातळ थर. बसवण्याआधी इनटेकच्या आत बोट फिरवून बघा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर नीट बसत नाहीये आणि इंजिन माती खातंय.

सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हाही पहिलं हेच करा, फिल्टर उघडायला लावा. मालक कां कूं करायला लागला तर समजून जा. त्याला आधीच सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका, थंड इंजिन कसं चालू होतं ते बघायचंय. मागचं चाक उचलून वर खाली हलवा, खडखड वाटली तर लिंकेजचे (मागच्या शॉकअपला जोडणारे सांधे) नाहीतर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणारा दांडा) बेअरिंग गेलेत. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेत का आणि फोर्कवर (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांवर) ऑइल ओघळलंय का तेही बघा. कागदपत्रं तर आलीच, बऱ्याच डर्ट बाईक रस्त्यावर चालवायला पास नसतात, तेव्हा गाडी न्यायची कशी ते आधी ठरवा.

चेनबद्दल रस्त्यावरची सवय सोडा. डर्ट बाईकची चेन बघताना ढिली वाटते आणि ती तशीच हवी, कारण सस्पेन्शन दबताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. तेव्हा ढील उरली नाही तर बेअरिंग आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. किती ढील आणि कुठे मोजायची ते मॅन्युअलमध्ये असतं.

नवीन चाक किंवा नवीन गाडी असेल तर स्पोक पहिल्या काही राईडनंतर दर वेळी तपासा, रिम लॉकच्या (टायर रिमवर घट्ट धरणारा क्लॅम्प) शेजारचे आधी ढिले होतात. टायरमध्ये हवा १२ ते १४ पीएसआय, दगड जास्त असतील तर थोडी वाढवा नाहीतर ट्यूब चिमटते. फोर स्ट्रोकमध्ये ऑइल डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलंच घाला, बहुतेक गाड्यांत क्लच त्याच ऑइलमध्ये असतो, कारचं ऑइल घातलं की घसरायला लागतो. धुताना प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर आणि सायलेन्सरच्या तोंडात मारू नका, आणि धुऊन झाल्यावर लगेच चेनला ल्यूब.

सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर मागचं सस्पेन्शन किती दबतं ते, सेट करणं बहुतेक जण टाळतात, पण तुमचं वजन कमी आहे म्हणून सांगतो, करून घ्याच. गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, एक्सलपासून सरळ वर फेंडरवर खूण करून अंतर मोजा. मग बूट हेल्मेट सगळं घालून गाडीवर बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. मोठ्या मोटोक्रॉस आणि एन्ड्युरो गाड्यांना फरक १०० ते १०५ मिमीच्या आसपास धरतात, ट्रेल गाडीला कमी असू शकतो. फरक फारच कमी येत असेल आणि प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) सैल करूनही जमत नसेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे, ती बदलून घ्या.