अंगावर येणाऱ्या माणसाची ताकद काही सेकंदांत कशी ओळखायची?

ताकद ओळखायच्या भानगडीत पडूच नका. मी बारा वर्षं ज्यूदो शिकवतोय. खिशात चाकू असलेलं हडकुळं पोरगं नव्वद किलोच्या पैलवानापेक्षा जास्त धोक्याचं असतं, आणि तो चाकू दंड बघून कळत नाही. हात बघा. तोंड शिव्या देईल, डोळे वटारेल, पण मारणार हातच. दोन्ही पंजे दिसत असले तर थोडं बरं. एक जरी खिशात, पाठीमागे किंवा मांडीआड असेल, तर त्यात काहीतरी आहे असंच धरून चाला.

माझ्या अंगावर खरोखर यायची वेळ एकदाच आली. पहाटे पावणेपाच, एसटी स्टँडच्या बाहेर. एकजण जवळ येत म्हणाला, "दादा, किती वाजले?" मी घड्याळाकडे बघणारच होतो, पण त्याचा उजवा हात जर्किनच्या खिशातून निघेना. शिवाय वेळ मला विचारून हा बघत होता माझ्या खांद्यावरून मागे. मागे दुसरा उभा होता. मी तिरका सरकलो, दोघं एका बाजूला येतील असा, आणि ओरडलोच, "पाच वाजायला आलेत!" पलीकडच्या चहावाल्याने मान वर केली. ते दोघं निघून गेले. एवढ्या वर्षांचा ज्यूदो, एक डाव लागला नाही!

हातांनंतर अंतर. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 साली लिहून ठेवलंय, की धडधाकट माणूस 21 फूट साधारण दीड सेकंदात कापतो. म्हणजे जवळजवळ अडीच रिक्षा एकामागे एक लावल्या तर तेवढं. तेव्हा "अजून लांब आहे" या भरवशावर राहू नका. अनोळखी माणूस उगाच जवळ सरकायला लागला की हाताचे तळवे छातीसमोर धरून "तिथेच थांबा" म्हणा, मोठ्याने. साधा पत्ता विचारणारा थबकतो, फार तर चिडतो. जो तरीही पुढे येतो, त्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं.

मग एकच ठरवायचं: याला वस्तू हवीय की मी? पाकीट, मोबाईल हवा असेल तर एकीकडे फेका आणि दुसरीकडे पळा. सोबत चल म्हणत असेल, गाडीत बस म्हणत असेल, तर मात्र तिथेच आरडाओरडा, चावणं, बोचकारणं, जे जमेल ते. आडोशाला नेल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण क्लासमध्ये हमखास विचारतात. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. धोका आहे तोवरच तो असतो. समोरचा पळाल्यावर पाठलाग करून हाणलंत तर ते स्वसंरक्षण नव्हे. तेव्हा 112 लावा.

आणि सराव फुकटात होतो. क्लासमध्ये मी एखाद्याला दारातून आत-बाहेर करायला लावतो आणि मग विचारतो, त्याचा कुठला हात खिशात होता? पहिल्या दिवशी सगळ्यांना शर्टाचा रंग आठवतो. उद्या बसस्टॉपवर स्वतःला विचारून बघा.