दीर्घकाळच्या मानसिक ताणामुळे जखम भरायला खरोखरच जास्त वेळ लागतो का?

होय, लागतो, आणि हे मोजून पाहिलेले आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या 13 स्त्रिया आणि साधारण त्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रिया घेतल्या होत्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम करण्यात आली. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी 9 दिवस अधिक लागले. एवढीशी जखम, आणि तिच्यासाठी 9 दिवस!

ताण आला की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) स्रवते, आणि संकट टळले की त्याचे प्रमाण उतरते. ताण महिनोन्‌महिने टिकला, तर हे चक्र बिघडते आणि जखमेपाशी रोगप्रतिकारक पेशींना बोलावणाऱ्या रेणूंची निर्मिती मंदावते. शिवाय झोप मोडते, जेवणाच्या वेळा चुकतात, त्याचीही भर पडते.

मात्र जखम रेंगाळली की सगळा दोष ताणावर टाकू नये. मधुमेह, रक्तपुरवठ्यातील अडथळा किंवा जंतुसंसर्ग आहे का, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावे. आणि घरात वर्षानुवर्षे रुग्णाच्या उशाशी जागणारी सून किंवा लेक असेल, तर तिला धीर धरायला सांगण्यापेक्षा आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्या कोणीतरी जागावे, असे मला अगदी मनापासून वाटते.