इंकांच्या आधी कोण होतं? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, प्रोजेक्टला तिनं इंका घेतलेत. एका व्हिडिओत सांगतात पाच हजार वर्षं जुनी संस्कृती, दुसऱ्यात म्हणतात जेमतेम शंभर वर्षं टिकली. नक्की काय लिहायचं? आणि शंभर वर्षांत एवढं सगळं उभं राहतं का? तिच्या वर्गातली मुलं म्हणतायत की ते परग्रहावरच्या लोकांनी बांधलं.
– एक पालक, कोथरूड

उत्तर : दोन्ही व्हिडिओंमधे थोडं थोडं खरं आहे, घोळ फक्त नावाचा झालाय. इंका हे त्या गोष्टीतलं सगळ्यात शेवटचं प्रकरण. गोष्ट त्यांच्या आधी साडेचार हजार वर्षांपासून चालू होती आणि तुमच्या मुलीनं प्रोजेक्टची निम्मी पानं त्या आधीच्या लोकांना द्यावीत असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांना कुणी विचारतच नाही.

सुरुवात पेरूच्या किनाऱ्याजवळ, सुपे नावाच्या नदीच्या खोऱ्यात. (हो, आपलं बारामतीजवळचं सुपे आहे ना, उच्चार तसाच.) तिथं कराल नावाचं शहर इसवीसनपूर्व ३००० ते २६०० च्या दरम्यान उभं राहिलं, म्हणजे इजिप्तचे पिरॅमिड आणि आपलं हडप्पा-राखीगढी यांच्याच काळात. मडकी नाहीत, लढाईच्या हत्यारांचा मागमूस नाही, पण मोठमोठे चौथरे आणि गोल चौक आहेत, आणि हाडांच्या ३२ बासऱ्या एकाच ठिकाणी मिळाल्या. रूथ शेडी या पेरूच्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात तिथं खोदायला सुरुवात केली आणि मग कळलं की हे एवढं जुनं आहे. कळलं कसं ते फार सुंदर आहे : चौथऱ्यांच्या आत भराव म्हणून गवताच्या विणलेल्या जाळ्यांमधे दगड भरून त्या रचल्या होत्या, घाटात दरड थांबवायला तारेच्या जाळीत दगड भरतात ना अगदी तसंच, आणि त्या गवताचं कार्बन डेटिंग केलं तर तारीख इसवीसनपूर्व २६०० च्या आसपासची निघाली. पोटापाण्याचं म्हणाल तर खोऱ्यात कापूस पिकायचा, त्याची जाळी किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडे जायची आणि तिकडून मासे यायचे.

पुढचे टप्पे पटापट सांगतो. अँडीजच्या डोंगरात चाविन (साधारण इसवीसनपूर्व ९०० पासून), देवळाखाली पाण्याचे दगडी पाट आणि अंधारे बोळ, तिथं २००१ मधे २० शंख मिळाले, फुंकायचे, नुसते शोभेचे नाहीत. दक्षिणेच्या वाळवंटात नाझ्का, त्यांच्या जमिनीवरच्या रेषा सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांनी जमिनीखालून पाणी आणायला खणलेले पाट कुणाला माहीत नसतात, आणि माझ्या मते रेषांपेक्षा ते पाट जास्त मोठं काम आहे. उत्तरेला मोचे, कोट्यवधी कच्च्या विटांचे ढीग रचणारे.

इथं जरा थांबू, कारण इंकांचं खरं बीज पुढच्या दोघांत आहे. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका तळ्याजवळ, साधारण ३,८५० मीटरवर, तिवानाकू. तिथं रात्री पिकं गारठून मरतात, तर यांनी काय केलं, शेताचे उंच पट्टे केले आणि मधे पाण्याचे चर ठेवले, दिवसभर पाणी उन्हानं तापायचं आणि रात्री तीच ऊब पिकाला मिळायची. आणि दुसरे वारी नावाचे लोक, इसवीसन ६०० ते १००० च्या दरम्यानचे, पेरूतल्या आयाकुचोच्या बाजूचे. रस्ते, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, ठिकठिकाणी सरकारी ठाणी, रंगीत दोऱ्यांचे हिशेब, हे सगळं वारींकडे होतं. त्यांचं एक मोठं ठाणं पिकिलाक्ता हे पुढे इंकांची राजधानी झालेल्या कुस्कोपासून तीसेक किलोमीटरवर आहे. म्हणजे पुण्याहून लोणी काळभोरच्या जरा पुढे एवढंच. इंकांचे पणजोबा-खापरपणजोबा त्या पडक्या भिंतींकडे बघतच मोठे झाले असणार.

मग १००० नंतर वारी आणि तिवानाकू दोन्ही मोडले, दुष्काळ पडले, आणि पुढची दोन-तीनशे वर्षं छोट्या छोट्या टोळ्या डोंगरमाथ्यावर गढ्या करून एकमेकांशी भांडत राहिल्या. आपल्याकडे १२९० मधे ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा इंका म्हणजे कुस्कोच्या खोऱ्यातलं असंच एक छोटं घराणं होतं. (कुस्को ३,४०० मीटरवर आहे, कळसूबाई दोनदा एकावर एक ठेवली तरी कुस्को वरच राहतं.) नंतर शेजारच्या चांका लोकांनी हल्ला केला, विराकोचा नावाचा म्हातारा राजा शहर सोडून गेला, धाकटा मुलगा थांबला आणि जिंकला. त्यानं नाव घेतलं पाचाकुती, म्हणजे जग उलथवणारा. साल १४३८ देतात, पण ते स्पॅनिश लोकांनी नंतर लिहिलेल्या बखरींवरून, आणि आपल्या बखरींसारखंच तिथंही तारखा जपून घ्याव्या लागतात. माचू पिचू या इंकांच्या डोंगरावरच्या ठिकाणी मिळालेल्या हाडांचं डेटिंग २०२१ मधे छापून आलं तर तिथं १४२० च्या आसपासच वस्ती होती असं निघालं. म्हणून मुलीला "पंधराव्या शतकाचा पूर्वार्ध" लिहायला सांगा.

त्यानंतर पाचाकुती, त्याचा मुलगा तुपाक, नातू वायना कापाक, तीन पिढ्यांत कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत. साधारण १४७० ला चिमू लोकांचं राज्य घेतलं, ज्यांची राजधानी चान चान हे मातीच्या विटांचं अवाढव्य शहर होतं, आणि तिथले सोनार उचलून कुस्कोला आणले. इतका वेग का, याचं एक कारण अभ्यासक देतात ते मला फार पटतं : राजा मेला तरी त्याची जमीन आणि वाडा त्याच्या घराण्याकडेच राहायचा, नव्या राजाला नुसती गादी मिळायची, त्यामुळे त्याला स्वतःचं काही हवं असेल तर नवा मुलूख जिंकणं भाग होतं.

पण जिंकलेला मुलूख चालवायला जे लागतं ते सगळं तयार होतं. वारींचे रस्ते जोडत आणि वाढवत त्यांचं जाळं ३०,००० किलोमीटरच्या वर गेलं. आणि मजूर? डोंगरातल्या गावांत एकमेकांच्या शेतावर राबायची पद्धत आधीपासून होती, तिला आय्नी म्हणतात, आपल्या मावळात सावड करतात किंवा इर्जिक घालतात तीच. जुन्नर-आंबेगावला डोंगरउतारावर पडकई (पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं) करतात ना, सगळ्यांनी मिळून, ती ज्यानं पाहिलीय त्याला अँडीजमधली शेतं कुणी केली हा प्रश्न पडायचाच नाही. इंकांनी या सावडीचा कर केला. प्रत्येक घरानं ठरावीक दिवस राजाचं काम करायचं, बदल्यात कोठारातून जेवण, कापड आणि चिचा नावाची मक्याची दारू. परग्रहवाल्या मुलांना एवढंच सांगा की इंकांच्या भिंतींतल्या दगडांवर घडवल्याचे हातोड्याचे ठसे अजून दिसतात आणि खाणीत अर्धवट घडवलेले दगड तसेच पडलेत. माणसांनी केलेलं काम आहे, त्यांच्याकडून ते काढून घेऊ नये.

१६ नोव्हेंबर १५३२ ला पिझारो या स्पॅनिश सरदारानं १६८ माणसांनिशी काहामार्काला राजा अताहुआल्पाला पकडलं. तेव्हा साम्राज्य शंभरेक वर्षांचंच होतं, अताहुआल्पा आणि त्याच्या भावाच्या लढाईनं आणि साथीच्या रोगानं आधीच खिळखिळं झालेलं.

प्रश्न : मी नववीत आहे. इंकांना लिहिता येत नव्हतं तर एवढा हिशेब कसा ठेवायचे?
– एक विद्यार्थी, हडपसर

उत्तर : छान प्रश्न विचारलास. ते दोरीला गाठी मारायचे, तिला किपू म्हणतात. एक जाड दोरी आडवी, तिला लोंबणाऱ्या पुष्कळ बारीक दोऱ्या. समज २४३ लामा (तिकडचा ओझं वाहणारा प्राणी) मोजायचेत. एका बारीक दोरीवर वरच्या बाजूला दोन साध्या गाठी, म्हणजे शतक. थोडी जागा सोडून चार साध्या गाठी, म्हणजे दशक. सगळ्यात खाली एकच लांब गाठ पण तीन वेढ्यांची, म्हणजे एकक. दशक शून्य असेल तर ती जागा मोकळी सोडायची. म्हणजे आपल्यासारखीच दशमान पद्धत, फक्त हातानं चाचपता येणारी! हे कोडं लेलँड लॉक यांनी १९१२ मधे उलगडलं. काही किपूंमधे आकडे नाहीत, दुसरंच काहीतरी आहे, ते अजून कुणाला वाचता आलेलं नाही, त्यामुळे गणित आवडत असेल तर तुझ्यासाठी काम शिल्लक आहे. हे किपू घेऊन चास्की नावाचे धावणारे निरोपे पळायचे, पेशव्यांचे जासूद असायचे तसे, पण टप्प्याटप्प्यावर माणूस बदलायचा.

प्रश्न : आपलं उपासाचं सगळं इंकांकडून आलं असं ऐकलं, खरं का हो?
– एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, बरंचसं त्यांच्या मुलखातून, पण इंकांच्याही कितीतरी आधीचं. बटाटा टिटिकाकाच्या आसपासच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी रानातून शेतात आणला. ते त्याचं वाळवणही करायचे आणि अजून करतात : रात्री थंडीत गोठू द्यायचा, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचं, दिवसा उन्हात वाळवायचा, असं काही दिवस. त्याला चुन्यो म्हणतात, वर्षानुवर्षं टिकतो, इंकांची कोठारं त्यानंच भरलेली असायची. रताळंही अमेरिका खंडातलंच. राजगिऱ्याचा एक सख्खा भाऊ अँडीजमधे किविचा नावानं पिकतो. आणि शेंगदाणा! १९८७ मधे सिपान इथं एका मोचे सरदाराची न लुटलेली कबर सापडली, त्याच्या गळ्यात शेंगांचा हार होता, दहा सोन्याच्या आणि दहा चांदीच्या, टरफलाच्या रेघांसकट घडवलेल्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो मात्र ब्राझीलच्या बाजूचा, आणि बटाट्याला बटाटा हे नाव आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आलं.