लायब्ररीत बदल केला नाही, तरी परवाना लागतो?

प्रश्न : आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर जावात आहे. काही दुकानदार ते ब्राउझरमधून वापरतात, काहींच्या संगणकावर आम्ही बसवून देतो. बिलाची पीडीएफ आयटेक्स्ट ७ या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या संचातून, निघते. ती लायब्ररी मेव्हन या जावा लायब्रऱ्यांच्या भांडारावरून फुकट उतरवली, तिच्यात एक ओळही बदललेली नाही. तरी परवाना विकत घ्यावा लागेल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आज जसं चाललंय तसंच चालवायचं असेल, तर हो. आयटेक्स्ट पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ च्या अखेरीपासून, एजीपीएल या खुल्या सोर्सच्या परवान्याखाली मिळते किंवा कंपनीच्या विकतच्या परवान्यावर. दुकानदाराच्या संगणकावर लायब्ररीची जार फाइल (जावाचा कोड बांधलेली फाइल) गेली की ते वितरण झालं, आणि एजीपीएलप्रमाणे तुमच्या बिलिंगचा सगळा सोर्स कोड त्याला द्यावा लागतो. तिथे ‘बदल केला नाही’ हे कामाला येत नाही. ब्राउझरवाल्यांपुरता तो मुद्दा मांडता येतो, कारण एजीपीएलचं तेरावं कलम नेटवरून वापरल्या जाणाऱ्या, बदललेल्या प्रोग्रॅमबद्दल आहे. पण तुमचा कोड लायब्ररीला जोडणं हाच बदल, असाही अर्थ लावला जातो आणि कंपनी बंद सोर्सच्या, म्हणजे कोड खुला न करणाऱ्या, वेबसेवेसाठीही विकतचा परवाना घ्यायला सांगते. या फटीवर धंदा उभा करू नका.

तुमचंच एखादं बिल उघडून प्रॉपर्टीजमध्ये ‘पीडीएफ प्रोड्यूसर’ पाहा. तिथे आयटेक्स्टचं नाव आणि एजीपीएलचा उल्लेख दिसेल. ती ओळ पुसली, तर तोही अटीचा भंगच.

पैसे भरायचे नसतील तर ओपनपीडीएफ घ्या. आयटेक्स्ट ४ मधून फुटलेली ही लायब्ररी एलजीपीएल आणि एमपीएल या सैल परवान्यांखाली आहे, बंद सोर्सच्या सॉफ्टवेअरसोबत चालते. परवान्याचा मजकूर सोबत द्या, जार वेगळी आणि बदलता येईल अशी ठेवा. मात्र आयटेक्स्ट ७ ची रचना निराळी असल्याने पीडीएफ काढणारा कोड नव्याने लिहावा लागेल.

खरी अडचण मराठी नावांची. ‘शिंदे’ची वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, ‘कुलकर्णी’चा रफार चढत नाही. आयटेक्स्टमध्ये यासाठी पीडीएफकॅलिग्राफ हा विकतचा जोडभाग लागतो. ओपनपीडीएफमध्ये फॉन्ट लोड होण्याआधी अक्षरं नीट जुळवणारा लेआउटप्रोसेसर सुरू करा आणि हीच दोन नावं छापून पाहा.

ओपनपीडीएफवर गेल्यावर मेव्हनची डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कोणाला सोबत आणते याची यादी) काढून तपासा. रिपोर्ट बनवणारी दुसरी एखादी लायब्ररी आयटेक्स्टला गुपचूप सोबत आणते. तिथे आयटेक्स्ट एक्स्क्लूड करावी, म्हणजे वगळावी, लागते. आधी वाटलेल्या प्रतींचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही, त्यासाठी वकिलाला दाखवा.