वकील तारखेला फिरकत नाहीत, केसचं काय?

प्रश्न : जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यानं कामावरून काढलं. कामगार न्यायालयात केस आहे, पण वकीलसाहेब ‘तारीख पडली’ एवढंच सांगतात.

न्यायालयाच्या कार्यालयात स्वतः जा आणि केस नंबर देऊन रोजनाम्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, मुदत कोणी मागितली, सगळं त्यात असतं. मुदती कंपनीच्याच वकिलानं घेतल्या असतील, तर आपल्या वकिलावर चिडून उपयोग नाही. पण ‘अर्जदार व वकील गैरहजर’ किंवा ‘पुराव्यासाठी शेवटची संधी’ असे शेरे दिसले, तर पुढची तारीख चुकवू नका. पुकारा झाला की उभे राहा आणि मुदतीचा लेखी अर्ज द्या. वकिलांनाही स्पीड पोस्टानं पत्र पाठवा व पावती जपा; फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही.

प्रश्न : अमळनेरला राहतो. वकील न आल्यानं केस गैरहजेरीत निकाली निघाली, मला चार महिन्यांनी कळलं.

केस पुन्हा फाईलवर घेण्याचा अर्ज, विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र एकत्र द्या. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयानं 1981 मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलं. मात्र तेवढ्यावर विसंबू नका. पक्षकारानं स्वतः चौकशी काय केली, हे न्यायालय हमखास विचारतं. म्हणून कधी भेटलात, कधी मेसेज केला, निकाल कोणत्या दिवशी समजला, हे तारखांनिशी लिहा. ‘वकिलांनी कळवलं नाही’ एवढ्या एका ओळीचे अर्ज फेटाळले जातात. इथं नकार मिळाला, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते.

प्रश्न : शिरपूरचे आमचे वकील म्हणतात, आधी फी, मग फाईल.

फीसाठी फाईल अडवता येत नाही, आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्ये हे स्पष्ट केलं. नव्या वकिलांना वकीलपत्र देण्यासाठी जुन्यांची ना-हरकत मागा. देत नसतील, तर न्यायालयाकडे परवानगीचा अर्ज करा. पैशांची अडचण असेल तर धुळ्याच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाईन 15100.

प्रश्न : वकिलांविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊ का?

नाही. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 14 मे 2024 चा निकाल आहे. तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, वकील अधिनियम 1961 च्या कलम 35 खाली करा. रोजनाम्याची नक्कल, पत्राची प्रत, फीच्या पावत्या जोडा. ताकीद, निलंबन किंवा वकिलीची सनद रद्द, एवढंच तिथं होतं. नोकरी परत मिळत नाही. नुसती केस हरली म्हणून केलेली तक्रार टिकत नाही. आणि तक्रार टाकण्याआधी फाईल ताब्यात घ्या.